लाइट नेमकी कुठून जाते? नवतपा, डीपी आणि आपली गल्ली

मानेवाडा_रिंगरोड
२६ मे, रात्री १२:१०

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला आणि नागपुरातल्या आमच्या लेआउटमधला रोजचा कार्यक्रम सुरू झाला. रात्री साडेदहा-अकराला लाइट जाते. कधी वीस मिनिटांत येते, कधी दीड वाजतो. आली की दोन मिनिटांत पुन्हा जाते. यंदा चिडण्याऐवजी जरा लक्ष देऊन बघायचं ठरवलं, तर प्रश्नच वाढत चाललेत.

रस्ता ओलांडला की समोरच्या गल्लीत लाइट असते. आमच्याच बिल्डिंगमध्ये परवा तळमजल्यावर होती, वर नव्हती. काल तर दिवे इतके मंद झाले की पुस्तक वाचता येईना, कूलर नुसता घुंघुं करत जागच्या जागी थरथरत होता आणि रस्त्यावरचे दिवे मात्र झगझगीत! हा एकच रोग आहे की वेगवेगळे?

१९१२ वर फोन करून तक्रार नोंदवतो, तक्रारीचा नंबर मिळतो, वायरमन येतो, डीपीपाशी (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपाशी) काहीतरी करतो. विचारलं तर "लोड आहे ना साहेब" म्हणून गाडीला किक मारतो. शिव्या घालायला चौकातली पानटपरी आहे, त्यासाठी हा धागा काढलेला नाही. कुठे काय तुटतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सांगावं. बाकीच्यांनी आपल्याकडे लाइट जाते तेव्हा नेमकं काय दिसतं ते लिहावं.

सक्करदरा_चौक
२६ मे, रात्री १२:२२

आमच्याकडं पण गेली आहे आत्ता. मोबाइल २१ टक्के. वाचतोय, लवकर लिहा कोणीतरी.

खांबावरचा_माणूस
२६ मे, सकाळी ७:०५

मानेवाडा भाऊ, रोग वेगवेगळे आहेत. उभी नोकरी खांबांवर आणि उपकेंद्रात गेली, आता निवृत्त आहे, म्हणून सवडीनं लिहितो.

वीज घरापर्यंत टप्प्याटप्प्यानं उतरत येते. मोठ्या मनोऱ्यांवर ४०० आणि २२० केव्ही (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट), मग १३२, मग ३३. शहरात खडी पसरलेलं, जाळीच्या कुंपणातलं जे उपकेंद्र दिसतं तिथं बहुधा ३३ चे ११ केव्ही होतात आणि तिथून ११ केव्हीचे फीडर, म्हणजे मुख्य लाइनी, निघतात. एका फीडरवर कितीतरी डीपी. डीपीत ११,००० व्होल्टचे ४३३ होतात आणि तिथून तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारा गल्लीत शिरतात. तुमच्या घरात त्यातली एक फेज आणि न्यूट्रल, म्हणजे साधारण २३० व्होल्ट.

आता अंधाराचा आकार बघा. पार चौकापलीकडं काळोख असेल तर फीडर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. एक-दोन गल्ल्या गेल्या तर डीपी. एका घरात आहे, शेजारच्याकडं नाही, त्याच्या पलीकडं पुन्हा आहे, तर एक फेज गेली. तीन फेज घरांमध्ये वाटून दिलेल्या असतात, त्यामुळं एकाच बिल्डिंगमध्ये खाली उजेड आणि वर अंधार होतो. आणि फक्त तुमच्याच घरी गेली असेल तर आधी मीटरकडं जा. मीटरचा डिस्प्ले चालू असेल तर वीज दारापर्यंत आलेली आहे, भानगड तुमच्या एमसीबीत (आपोआप पडणाऱ्या स्विचमध्ये) नाहीतर वायरिंगमध्ये. मीटरही मेलेला असेल तर सर्व्हिस वायर किंवा खांबावरचा जोड बघावा लागतो.

रस्त्यावरच्या दिव्यांवरून अंदाज बांधू नका. त्यांची तार वेगळी असते, फेजही तुमचीच असेल असं नाही.

मंद उजेडाचं कारण मजेशीर आहे. डीपीच्या वर ११ केव्हीच्या बाजूला तीन डीओ असतात. डीओ म्हणजे लोंबकळणारी फ्यूज, जळली की खाली पडते आणि खालूनही पडलेली दिसते. तीनपैकी एकच डीओ उडाला तर एका फेजवर पूर्ण व्होल्टेज राहतं आणि उरलेल्या दोन फेजांवर निम्मं येतं. तुम्ही त्या दोघांपैकी एकावर होता, रस्त्यावरचे दिवे तिसऱ्यावर. अशा वेळी कूलर, फ्रिज, पाण्याची मोटर ताबडतोब बंद करायची. मोटर फिरत नाही पण करंट ओढत राहते आणि वाइंडिंग जळतं. रिवाइंडिंगवाल्यांचा मे महिना यावरच चालतो.

मानेवाडा_रिंगरोड
२६ मे, सकाळी ७:४०

काका, दंडवत. आत्ता जाऊन बघून आलो. आमच्या डीपीवरचे तिन्ही डीओ जागेवर आहेत, पण एकाची तार बाकीच्या दोघांपेक्षा नवीन दिसतेय. म्हणजे काल तोच बदलला असणार.

पण मग रोज रात्री अकरालाच का? दुपारी ४५ अंश असतं तेव्हा टिकते आणि रात्री जाते, हे उलटं नाही का?

त्रिमूर्तीनगर_अभियंता
२६ मे, सकाळी ९:३०

उलटं नाही. दुपारी निम्मं लेआउट ऑफिसात, दुकानात असतं. रात्री जेवणं आटोपली की सगळे घरी आणि घराघरांतल्या बेडरूमचे एसी एकदम सुरू होतात.

हिशेब करून बघा. समजा तुमची डीपी २०० केव्हीए क्षमतेची आहे. ४३३ व्होल्टला ती प्रत्येक फेजवर साधारण २६७ अँपिअर देऊ शकते. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा सात अँपिअरच्या आसपास घेतो. म्हणजे एका फेजवर अडतीसेक एसी, तीन फेजांवर मिळून ११४-११५, आणि तेही घरात दुसरं काहीही चालू नसेल तर. गीझर, फ्रिज, पंप, मिक्सर, पंखे धरले की हा आकडा पुष्कळ खाली येतो.

मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, मनीषनगर या भागांतले लेआउट बैठ्या घरांचे होते. घरात एक लोखंडी कूलर, तो जेमतेम एक अँपिअर घ्यायचा. आता त्याच प्लॉटवर चार मजले आहेत, प्रत्येक मजल्यावर दोन फ्लॅट आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये किमान एक एसी. डीपी कित्येक ठिकाणी जुनीच.

शिवाय ट्रान्सफॉर्मरला गार व्हायलाही हवा लागते. आत तेल असतं, ते उष्णता बाहेर टाकतं, पण बाहेरच रात्री बाराला ३४-३५ अंश असेल तर टाकणार कुठे? थंडीत जो लोड तो निमूट ओढतो तोच मेमध्ये जड जातो.

आता जरा कडू. स्वतःचं बिल काढा आणि 'मंजूर भार' हा रकाना वाचा. घरात दोन एसी आणि मंजूर भार एक-दीड किलोवॅट, अशी घरं मी कितीतरी बघितली. कंपनी डीपीची क्षमता ठरवताना मंजूर भाराचीच बेरीज बघते. कागदावर आपण सगळे कूलरवाले आहोत.

सक्करदरा_चौक
२६ मे, सकाळी ९:५२

बिल बघितलं. कागदावर मी पण कूलरवाला निघालो.

जरीपटका_रोड
२६ मे, सकाळी १०:१५

भार वाढवून घेतला की खर्च वाढेल अशी भीती. म्हणून लोक जात नाहीत. प्रत्येकाला वाटते शेजाऱ्यानं वाढवावा.

खांबावरचा_माणूस
२६ मे, सकाळी ११:००

लाइट आली की दोन मिनिटांत परत का जाते, ते राहिलं. लाइट गेली तेव्हा एसी, फ्रिज, पंप यांची बटणं चालूच राहतात. तासाभरानं आम्ही फ्यूज टाकतो तर सगळी घरं एकाच क्षणी ओढायला लागतात. खोल्या तापलेल्या, म्हणून प्रत्येक एसी पूर्ण जोरात. वर इन्व्हर्टरच्या रिकाम्या बॅटऱ्या चार्ज व्हायला लागतात. नेहमीच्या लोडपेक्षा हा कितीतरी जास्त, नवी फ्यूज तो कशी सोसणार?

मग लोक खाली उभे राहून ओरडतात, "जाड तार टाका ना भाऊ!" जाड तार टाकली की फ्यूज उडत नाही हे खरं. पण मग वीस-पंचवीस रुपयांच्या तारेऐवजी अख्खा ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तो बदलेपर्यंत एक रात्र, कधी दोन.

लाइट गेली की एसीचं बटण बंद करा. आल्यावर पाच-दहा मिनिटं पंख्यावर काढा, मग एसी लावा. फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठीही ते बरं. पूर्ण गल्लीनं केलं तर फरक पडतो. एकट्यानं केलं तर फक्त तुमचा एसी वाचतो.

कोराडी_नाका
२६ मे, दुपारी १:२०

हे सगळं ठीक आहे हो, पण मूळ मुद्द्यावर कोणी बोलतच नाही. कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच, खापरखेड्याला १३४० मेगावॅट, तिकडं मौद्याला एनटीपीसी. राख आमच्या वाळवणावर, धूर आमच्या छातीत, आणि लाइट जाते ती पण आमचीच. ज्याच्या अंगणात चिमणी त्याला तरी अखंड वीज द्या! आधी विदर्भाचं विदर्भाला.

त्रिमूर्तीनगर_अभियंता
२६ मे, दुपारी २:०५

राखेबद्दल शंभर टक्के सहमत, त्याची किंमत कोराडी-खापरखेडावाले मोजतात आणि त्यावर वेगळं भांडलं पाहिजे. पण त्याचा मानेवाड्याच्या फ्यूजशी संबंध नाही. कोराडीत तयार झालेली वीज ४०० केव्हीला चढून ग्रिडमध्ये, म्हणजे मोठ्या तारांच्या जाळ्यात जाते. तिथून पुढे ती कोराडीची राहत नाही. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचं ग्रिड जोडलं गेल्यापासून सगळा देश एकाच ५० हर्ट्झवर चालतो. उद्या कोराडीचा एक संच बंद पडला तर तुमच्या घरी पंखाही हळू होणार नाही. आणि उद्या कोराडीत दुप्पट वीज झाली तरी डीपीतून २६७ अँपिअरच बाहेर येतील. आज अडतंय ते शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला.

बर्डी_दुकानदार
२६ मे, दुपारी ३:४५

आजची गोष्ट वेगळी असेल, पण नेहमीच अशी नव्हती. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि त्याच सुमारास राज्यात भारनियमन जोरात आलं. तेव्हा वीजच कमी होती. वेळापत्रक पेपरात छापून यायचं, आम्ही दुकानाची वेळ त्यावर ठरवायचो. बर्डीच्या मेन रोडवर एकाच वेळी सगळे जनरेटर सुरू व्हायचे, गिऱ्हाईक काय मागून राहिलं ते ऐकू यायचं नाही. केरोसीनचा वास कापडाच्या ठाणांना लागायचा.

वसुली आणि गळती बघून फीडरचे ए, बी, सी, डी असे गट पाडले होते. वरच्या गटाला कमी अंधार, खालच्या गटाला जास्त.

इतवारी_पुलाखाली
२६ मे, सायंकाळी ५:१०

आमचा मोहल्ला खालच्या गटात होता. दर महिन्याला रांगेत उभं राहून बिल भरणारा माझा बाप आणि तारेवर आकडा टाकणारा शेजारी, दोघं एकाच अंधारात. आकडेवाल्याचं निदान बिल तरी वाचत होतं.

त्रिमूर्तीनगर_अभियंता
२६ मे, सायंकाळी ६:३०

ही टीका तेव्हाही बरोबर होती, आजही आहे. गळती फीडरवर मोजली जाते, माणसावर नाही.

बर्डीवाल्या काकांचा फरक महत्त्वाचा आहे. भारनियमन म्हणजे ठरवून केलेली बंदी, ती वेळापत्रकानं येते. आज जाते ती बिघाडानं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये कोळशाची टंचाई होती तेव्हा भारनियमनाची भाषा पुन्हा ऐकू आली होती, तेवढाच अपवाद. तिसरा प्रकार म्हणजे ग्रिड कोसळणं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही अंधारात गेला, ६० कोटींवर लोकांना फटका बसला. आपलं पश्चिम ग्रिड वेळेत तुटून वेगळं झालं, म्हणून नागपुरात त्या दिवशी पंखे फिरत होते. तसं रोज होत नसतं. लेआउटची लाइट गेली की काही लोक 'ग्रिड फेल' असं पसरवतात, ते थांबवा.

हुडकेश्वर_माहेर
२७ मे, सकाळी १०:४०

माझा प्रश्न उलटा आहे. आमच्याकडे लाइट गेली नाही, जास्त आली. रविवारी संध्याकाळी पंखा अचानक जोरात फिरायला लागला, ट्यूबलाइट पांढरीफटक झाली आणि फट्ट आवाज होऊन टीव्ही गेला. वायफायचा डबा आणि दोन चार्जरही जळाले. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात त्यांच्याकडे त्याच वेळी दिवे मिणमिणत होते. असं कसं?

खांबावरचा_माणूस
२७ मे, सकाळी ११:१५

ताई, न्यूट्रल तुटला. दोन फेजांच्या मध्ये ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रल जागेवर असतो तोवर प्रत्येक घराला आपापले २३० मिळतात. तो तुटला की तुमचं घर आणि काकूंचं घर एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट दोघांत वाटले जातात. ज्याच्याकडं जास्त उपकरणं चालू त्याला कमी व्होल्टेज, ज्याच्याकडं कमी चालू त्याला जास्त. तुमच्याकडं तेव्हा फक्त टीव्ही आणि पंखा चालू असणार.

दिवा नेहमीपेक्षा जास्त उजळला की विचार करत बसायचं नाही, मेन स्विच पाडायचा. अंधार परवडला. हाय-लो व्होल्टेज कटऑफ मिळतं, इलेक्ट्रिशियनकडून मेनवर बसवून घ्या. आणि बिल्डिंगच्या मीटर पॅनलमधले न्यूट्रलचे जोड वर्षातून एकदा आवळून घ्या. खांबावरचा तुटला तर ते आमचं काम, पॅनलमधला सैल झाला तर ते तुमचं.

हुडकेश्वर_माहेर
२७ मे, सकाळी ११:३२

खरंच फक्त टीव्ही आणि पंखा चालू होता काका. मालिका बघत होते.

बेसा_सोलर
२७ मे, दुपारी १२:५०

मी गेल्या वर्षी पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. ७८,००० रुपये अनुदान मिळालं, बिल जवळजवळ शून्यावर आलं, तक्रार नाही. पण भर दुपारी, डोक्यावर ऊन आग ओकत असताना लाइट गेली की माझीही जाते! शेजारी हसतात. पॅनल तापून राहिले, वीज बनून राहिली असेल, मग काऊन भाऊ?

त्रिमूर्तीनगर_अभियंता
२७ मे, दुपारी १:३०

बनत नाही. तुमचा इन्व्हर्टर ग्रिडला जोडलेला आहे, ग्रिड गेलं हे कळताच तो एका क्षणात स्वतःला बंद करतो. हे मुद्दाम केलेलं आहे. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत जाईल, आणि तार मेलेली समजून खांबावर चढलेला माणूस मरेल.

लाइट गेल्यावरही हवी असेल तर बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर लागतो. तो घर तारेपासून तोडतो आणि मग आतल्या आत चालवतो. महाग पडतो. नागपूर शहरात रोजचे एक-दोन तास जाणार असतील तर सोलर बिलासाठी आणि साधा इन्व्हर्टर अंधारासाठी, असं वेगवेगळं ठेवणं मला तरी बरं वाटतं.

खांबावरचा_माणूस
२७ मे, दुपारी २:१०

याला जोडून एक विनंती. मंगल कार्यालयं, दवाखाने, अपार्टमेंट, ज्यांच्याकडं जनरेटर आहे त्यांनी चेंजओव्हर स्विच (एका वेळी जनरेटर किंवा लाइन, एकच जोडणारा) नीट बसलेला आहे का ते बघा. जनरेटरची वायर सरळ सॉकेटमध्ये घालून घर चालवणारे महाभाग मी बघितलेत. २३० व्होल्ट डीपीत उलटे गेले की पलीकडं ११,००० होतात. आमचा एक पोरगा असाच गेला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

खामला_लेक
२८ मे, रात्री ९:१५

माझ्या बाबांना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो आणि आईला इन्शुलिन. इन्व्हर्टर आहे, १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक बॅटरी. दुकानदार म्हणाला आठ तास चालेल. कोणी हिशेब सांगेल का?

त्रिमूर्तीनगर_अभियंता
२८ मे, रात्री ९:५०

ताई, दुकानदाराचे आठ तास दोन पंखे आणि दोन दिव्यांचे. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण उपसायची नसते, शिवाय इन्व्हर्टरमध्ये थोडी वाया जाते, तेव्हा चांगल्या बॅटरीतून ११००-१२०० धरा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो. म्हणजे तीन तास, आणि सोबत पंखा-दिवा असेल तर अडीच. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर त्याहून कमी. मोठा कूलर २०० वॅटच्या आसपास असतो, तो या इन्व्हर्टरवर अजिबात लावू नका. बाबांच्या खोलीत बीएलडीसी पंखा बसवा, ७५ ऐवजी तीसेक वॅटमध्ये तेवढीच हवा.

तीन तासांनंतर काय, याचं उत्तर बॅटरी नाही. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात हवाच आणि तो लावायला घरातल्या दोघांना तरी यायला हवा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे तारेतल्यासारखीच वीज देणारा आहे ना, तेही बघा. आणि उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी फार लवकर उडतं, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघत राहा.

धरमपेठ_आजी
२८ मे, रात्री १०:३०

इन्शुलिनचं मी सांगते, मला बरीच वर्षं झाली. लाइट गेली की फ्रिज उघडायचा नाही. दार बंद ठेवलं तर आत चार तास तरी थंडावा टिकतो. त्याहून लांबली तर कोरं मडकं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाटली, वर ओलं फडकं, आणि सावलीत ठेवायचं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत मडकं छान गार होतं. बर्फाला मात्र बाटली टेकवायची नाही, इन्शुलिन गोठलं की वाया. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आमच्या लहानपणी वाळ्याचे पडदे भिजवून दुपार काढत असू. आता नातू पंधरा मिनिटांत कासावीस होतो. त्याला नावं ठेवत नाही, घरंच अशी बांधलीत की खिडकी उघडली तर समोरच्याच्या एसीची गरम हवा आत.

धरमपेठ_दुसरी_गल्ली
२९ मे, सकाळी ८:३०

आमच्याकडे तारा जमिनीखालून आहेत. लाइट कमी जाते हे खरं. पण जाते तेव्हा जाते! वरची तार तुटली तर डोळ्यांना दिसते, केबल कुठे फुटली हे शोधायला ती फॉल्ट शोधणारी व्हॅन यावी लागते. मग खोदकाम, मग जोड. आणि फुटते का? तर कोणीतरी आधी खोदलेलं असतं. सिमेंट रोड, मेट्रो, गटार, इंटरनेटची केबल, प्रत्येकाचा जेसीबी वेगळा.

खांबावरचा_माणूस
२९ मे, सकाळी ९:१०

आणि जेसीबीचा दात लागला त्याच दिवशी फुटेल असंही नाही. वरचं आवरण खरवडलं जातं, माती ढकलून देतात, कोणी सांगत नाही. पहिल्या पावसात ओल आत शिरली की धडाम.

मानेवाडा_रिंगरोड
९ जून, सायंकाळी ७:४५

पाऊस! दहा मिनिटं पडला नाही की लाइट गुल. वारा नव्हता, फांदीही पडली नाही. काका, आता काय?

खांबावरचा_माणूस
९ जून, रात्री ८:३०

चिनी मातीचे इन्सुलेटर. तारेची वीज खांबात उतरू नये म्हणून ते मध्ये असतात. दिवसभर उन्हात तापलेले, वर तीन-चार महिन्यांची धूळ. त्यावर गार थेंब पडले की बारीक तडे जातात, धुळीचा चिखल होतो, आणि वीज त्या ओलीवरून खांबात आणि खांबातून जमिनीत जाते. उपकेंद्रातला ब्रेकर ते ओळखून फीडर पाडतो. पाडला म्हणून वाचतो, नाहीतर खांबाला टेकलेली गाय मरेल.

मग एकदा चालू करून बघतात. क्षणभर आली आणि लगेच गेली असं झालं तर ती ट्रायल फसली समजायची, आणि पोरं पावसात टॉर्च घेऊन खांब खांब बघत निघालेली असतात. तडा केसाएवढा असतो आणि जमिनीवरून दिसत नाही. उशीर लागतो तो यात. दुसऱ्या फीडरवरून वीज फिरवता येत असेल तर तेवढा भाग आधी चालू करतात, म्हणून समोरच्या गल्लीत आधी येते. त्यात कोणाची ओळख लागत नाही. दरवेळी तरी नाही.

नागपुरात बहुधा बुधवारी सकाळी दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवतात आणि लोक बोटं मोडतात. फांद्या तोडणं, इन्सुलेटर बदलणं त्याच वेळी होतं. संक्रांतीनंतर तारांवर लोंबकळणारा मांजाही तेव्हाच काढतात.

अंबाझरी_लेआउट
१० जून, सकाळी १०:००

पाण्याचा विषय निघाला म्हणून. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा आमच्या तळमजल्यावरची मीटरं पाण्याखाली होती. त्या वेळी लाइट नसणं हेच बरं होतं. पुरानंतर आम्ही वर्गणी काढून अख्खं मीटर पॅनल पहिल्या मजल्याच्या जिन्यात हलवलं. नवीन बिल्डिंगवाल्यांनी बिल्डरला आधीच विचारा, पार्किंगमध्ये गुडघ्याएवढ्या उंचीवर पॅनल कशाला लावता?

आणि पॅनल भिजलं असेल तर लाइट आली तरी इलेक्ट्रिशियननं बघितल्याशिवाय मेन चढवू नका.

जरीपटका_रोड
१० जून, सकाळी ११:२०

भरपाई मिळते म्हणतात, कोणाला मिळाली का?

वकील_सिव्हिललाइन्स
१० जून, दुपारी १२:१५

तरतूद आहे. विद्युत कायदा २००३, कलम ५७. राज्याचा वीज नियामक आयोग सेवेची मानकं ठरवतो. फ्यूज, तुटलेली लाइन, केबल, जळालेला ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकाला वेगळी मुदत. ती ओलांडली तर भरपाई मागता येते, नैसर्गिक आपत्ती वगळून. मागणारे फार थोडे, कारण तक्रार क्रमांकच जपून ठेवलेला नसतो. फोन केल्याची वेळ आणि लाइट आल्याची वेळ लिहून ठेवा. कंपनीनं ऐकलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. लोकपालांचं कार्यालय नागपुरातही आहे, मुंबईला जावं लागत नाही.

माझं मत विचाराल तर भरपाईच्या रकमेत कोणी श्रीमंत होत नाही. पण एकाच डीपीच्या लेखी तक्रारी साठल्या की ती डीपी कागदावर दिसायला लागते.

मानेवाडा_रिंगरोड
१४ जून, रात्री १०:२०

त्यावरूनच. आमच्या चार बिल्डिंगांतली बिलं गोळा केली. सगळ्यांच्या मंजूर भाराची बेरीज आणि प्रत्यक्ष एसी मोजून काढलेला भार, यांत दुपटीहून जास्त फरक निघाला. निम्मे लोक भार वाढवायला तयार आहेत, दोघांनी "आधी डीपी बदलू द्या, मग बघू" म्हटलं, एका काकांनी दारच लावून घेतलं. तयार असलेल्यांचे अर्ज आणि डीपीची क्षमता वाढवण्याचं एक सामूहिक पत्र, दोन्ही सोमवारी देतोय. पत्रात काय काय लिहू?

खांबावरचा_माणूस
१४ जून, रात्री १०:५५

फीडरचं नाव आणि डीपीचा नंबर. नंबर डीपीच्या खांबावर रंगवलेला असतो, पुसला असेल तर वायरमनला विचारा. लाइट गेल्याच्या तारखा, वेळा, तक्रार क्रमांक. कुठल्या वेळी डीओ उडाला, कुठल्या वेळी एलटीची (खालच्या ४३३ व्होल्टच्या बाजूची) फ्यूज, माहीत असेल तेवढं. नुसतं "शिवमंदिराजवळची डीपी" लिहू नका. आपल्या सबडिव्हिजनमध्ये शिवमंदिरं फार आहेत.